काही करत नाही, अजगराचं पिल्लू आहे

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात मापाला फार मान आहे. भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पिन मायक्रोमीटरमध्ये धरून "दोन मायक्रॉन जास्त, रिजेक्ट" असं न हसता सांगणारा माणूस इथे गल्लोगल्ली सापडतो. पुढून गेलेली गाडी कोणत्या सालची, हे शाळकरी पोरं मागच्या दिव्यावरून सांगतात. पण ह्याच माणसाच्या परसात संध्याकाळी कढीपत्त्याखालून काहीतरी सरपटत गेलं, की मायक्रॉन बाजूला राहतात आणि माप हातांनी दाखवलं जातं. दोन्ही हात पसरून. पहिल्या सांगण्यात साप मनगटाएवढा जाड असतो, शेजारी येईपर्यंत तो दंडाएवढा होतो आणि सोसायटीच्या ग्रुपवर पोचतो तेव्हा त्याला फणाही फुटलेला असतो.

साप इथे दिसणारच. पवना, इंद्रायणी आणि मुळा यांच्या काठांवरची शेतं, ओढे आणि गवताळ माळ यांवर हे शहर वाढलं. प्राधिकरणातल्या बंगल्यांना परस आहे, परसात पाण्याची टाकी आहे, टाकीमागे 'कधीतरी लागतील' म्हणून २० वर्षं रचून ठेवलेल्या फरश्या आहेत. मोशी, चऱ्होली, रावेत, पुनावळे इथे उंच इमारती उभ्या राहिल्या, तरी कुंपणापलीकडे अजून एखादं उसाचं नाहीतर ज्वारीचं रान तग धरून असतं. चाकणला कारखान्यांच्या मागे लाकडी पॅलेटची चळत असते, तिच्याखाली उंदीर, आणि उंदरामागे जो यायचा तो. बिल्डरच्या माहितीपत्रकात 'निसर्गाच्या कुशीत' असं छापलेलं असतं. निसर्ग पार्किंगमध्ये उतरला, की त्याच बिल्डरला फोन जातो.

मग ओळख परेड भरते. या पट्ट्याचं वैशिष्ट्य म्हणजे सगळा महाराष्ट्र इथे नोकरीला आलेला आहे आणि प्रत्येक जण आपल्या गावचा साप मनात घेऊन आलेला आहे. रत्नागिरीकडच्या माणसाला दिसेल ते फुरसं वाटतं. समोरचा साप सहा फुटांचा असला तरी वाटतं. फुरसं हातभर, फार तर दीड-दोन फूट भरतं, हा तपशील घाईत सुटतो. विदर्भातले काका घोणसीच्या धाकाने "परड आहे परड" म्हणून मागे सरतात. जुन्नरकडच्या आजी गॅलरीतूनच सांगतात, की ती धामण आहे आणि म्हशीच्या पायांना वेटोळं घालून दूध पिते. म्हैस चार किलोमीटरच्या परिसरात नसते. शेवटचा निकाल मात्र कोणी सापाकडे बघून देत नाही. वयाने, हुद्द्याने किंवा आवाजाने जो मोठा असेल, तो देतो. चेअरमन "नाग" म्हणाले की नाग. मग समोरच्या बिचाऱ्या बिनविषारी दिवडाने कितीही प्रयत्न केला, तरी त्याला नागपण नाकारता येत नाही.

खरं तर यादी फार लांब नाही. या भागात घराच्या आसपास नेहमी भेटणारे साप म्हणजे धामण, तस्कर, कवड्या, दिवड, नानेटी, गवत्या, डुरक्या घोणस, मांडूळ, आणि मग नाग, घोणस, मण्यार. जीव घेऊ शकणारे हे शेवटचे तीन. चौथं फुरसं, ते खडकाळ उघड्या माळावरचं. म्हणजे पाठ करायला चारच नावं. इथल्या एका डब्यात शेंगदाण्याच्या चटणीचे तेवढे प्रकार निघतात. तरीही परीक्षेत दरवर्षी तोच घोळ होतो, आणि तो दोन्ही बाजूंनी होतो.

सगळ्यात वाईट घोळ घोणसीचा. नाग उभा राहतो, फणा काढतो, त्याच्याविषयी आपोआप आदर निर्माण होतो. घोणस असं काही करत नाही. ती जाड असते, आखूड असते आणि कुंडीमागे गुंडाळी करून पडून राहते. माणूस तिच्याकडे बघतो, ती हलत नाही. माणूस आणखी जवळ जातो, ती तरीही हलत नाही. अशा वेळी गर्दीतून एक आश्वासक आवाज येतो, "काही करत नाही, अजगराचं पिल्लू आहे." हे वाक्य मराठीतल्या अत्यंत धोकादायक वाक्यांपैकी एक समजायला हरकत नाही. घोणस 'काही करत नाही' ती फक्त करेपर्यंत. आधी ती इशारा देते, तो कुकरच्या शिट्टीसारखा मोठा आणि लांबलचक फुत्कार असतो. त्यानंतरही कोणी वाकलंच, तर तिची झेप डोळ्यांना दिसत नाही.

भारतात २००० ते २०१९ या वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मांडला गेला. त्या अभ्यासात तपासलेल्या विषारी दंशांत सगळ्यात मोठा वाटा घोणसीचा होता. एवढ्या कर्तृत्वाच्या प्राण्याला इथली माणसं अजगराचं पिल्लू समजून फडक्यात उचलायला जातात.

बघायचं ते एवढंच. घोणसीच्या पाठीवर बदामी ठिपक्यांच्या तीन ओळी असतात. ठिपके लांबट, काळ्या काठाचे. मधल्या ओळीतले कधी कधी एकमेकांना चिकटतात आणि त्यांची साखळी होते. ठिपके इतके नेमके, की एखाद्या क्वालिटी इन्स्पेक्टरला पास करावेसे वाटावेत. अजगराच्या पिल्लाच्या अंगावर असं काही शिस्तीचं नसतं, तिथे वेडेवाकडे मोठे डाग पसरलेले असतात आणि डोक्यावर बाणाच्या टोकासारखी खूण असते. शिवाय घोणस अंडी घालत नाही, एका वेळी वीस ते चाळीस पिल्लांना जन्म देते. ही पिल्लं उन्हाळा संपता संपता बाहेर पडतात आणि पहिल्या दिवसापासून विषारी असतात. पिल्लू आहे ही सबब इथे तशीही चालत नाही.

आता याच नाण्याची दुसरी बाजू. डुरक्या घोणस नावाचा एक गरीब, बिनविषारी, मातीत तोंड खुपसून बसणारा साप आहे. त्याची शेपटी आखूड आणि खरखरीत असते, मान वेगळी दिसत नाही, डाग एकमेकांत मिसळून नागमोडी झालेले असतात. नावात घोणस असल्याचा त्याला आयुष्यभर त्रास होतो. एकच गृहस्थ एकाच पावसाळ्यात खऱ्या घोणसीला अजगर म्हणून उचलायला जातात आणि डुरक्याला घोणस म्हणून दांडक्याने मारतात. दोन्ही वेळा आत्मविश्वास सारखाच असतो. डुरक्याचा जवळचा नातेवाईक मांडूळ, त्याचं दुःख वेगळं. त्याला मारत नाहीत, चोरतात. शेपूट डोक्यासारखी बोथट असल्यामुळे लोकांनी त्याला दोन तोंडं दिली. गुप्तधन शोधून देतो म्हणून लाखांच्या बोली लावल्या आणि लावणारे पोलिसांच्या सापळ्यात अडकले. बिळातून उंदीर शोधण्यापलीकडे मांडुळाने आजवर काही शोधून दिल्याची नोंद नाही.

दुसरा घोळ रात्रीचा. ट्यूबलाइटच्या पट्टीवर, दाराच्या चौकटीवर किंवा पडद्याच्या दांडीवर एक बारीक, पट्टेरी साप पालीच्या मागे लागलेला दिसतो. घरात "मण्यार!" असा आरडाओरडा होतो. बहुधा तो कवड्या असतो. भिंती चढणं हा त्याचा धंदा आणि पाल हे त्याचं जेवण. कवड्या तपकिरी, त्याचे पिवळट पांढरे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यार चकचकीत काळी, तिचे पांढरे पट्टे बारीक, बहुतेक जोडीजोडीने, आणि मानेकडे पुसट पण शेपटीकडे ठळक. म्हणजे पट्टे कुठून सुरू होतात आणि कुठे संपतात, एवढं बघितलं तर काम भागावं. पण मण्यारीच्या पिल्लांत हे पट्टे मानेपर्यंत आलेले असू शकतात, मग जाणकार तिच्या पाठीच्या कण्यावरचे मोठे षट्कोनी खवले बघतात. त्यासाठी तिच्यावर ओणवं व्हावं लागतं. ही परीक्षा घरच्या मंडळींनी देऊ नये.

कवड्याला पकडलं, की तो कडकडून चावतो. वर्षभर 'मला काही होत नाही' म्हणणाऱ्या माणसाचा मग रक्तदाब वाढतो, तो कवड्याच्या विषाने नव्हे. मण्यार याच्या अगदी उलट वागते. दिवसा सुस्त, वेटोळ्यात तोंड लपवणारी. रात्री मात्र उंदरांच्या आणि इतर सापांच्या मागे हिंडणारी. तिचा दंश बहुतेकदा कळतही नाही. म्हाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी इथल्या भाड्याच्या खोल्यांत शिफ्ट करून आलेली चार-पाच पोरं जमिनीवर गोधडी टाकून झोपतात. पहाटे एकाचं पोट दुखायला लागतं. "काल कॅन्टीनला वांगी होती," असं म्हणून त्याला ओवा दिला जातो. त्याच्या पापण्या जड व्हायला लागतात, गिळता येईनासं होतं, आणि वांग्यांवरचा संशय फिटेपर्यंत उशीर झालेला असू शकतो. झोपताना मच्छरदाणी घेऊन तिच्या कडा अंथरुणाखाली खोचल्या, तर हा धोका खूप कमी होतो, हे नेपाळच्या तराईतल्या अभ्यासात दिसून आलं आहे. खाट असेल तर आणखी बरं. पण खोलीत खाट मावत नाही. मावली तर भाडं वाढतं.

धामणीकडे वळलं की जरा मोकळं वाटतं. सात-आठ फुटांची, मोठ्या गोल डोळ्यांची, ओठांवर काळ्या रेघा ओढलेली, दिवसाढवळ्या फिरणारी आणि माणूस दिसताच आधी स्वतः पळणारी. स्कूटरच्या हेडलाइटमागे, बॉनेटच्या आत, गोदामातल्या पत्र्याखाली, जिथे उंदराचा वास तिथे ती. नाग मिटलेल्या फण्याने जात असेल तर घाईत दोन्ही सारखे दिसतात, आणि फण्यावरचा 'दहाचा आकडा' शोधायला गेलं तर फणा पसरल्याशिवाय तो दिसत नाही. काही नागांना तो नसतोच. लोकांनी मात्र यावर कायमचा तोडगा काढला आहे. धामण ही नागाची बायको, असं जाहीर करून त्यांनी दोघांचं लग्न लावून टाकलं. या लग्नाची दोन्हीकडच्या मंडळींना काही कल्पना नाही. नागाला नागीण असते, धामणीत नरही असतो आणि मादीही.

याच सोयरिकीचा पुढचा अंक पावसाळ्याच्या तोंडावर मोकळ्या प्लॉटवर रंगतो. दोन लांब साप एकमेकांना पीळ घालून अर्ध्या उंचीपर्यंत उठतात, पडतात, पुन्हा उठतात. रस्ता थांबतो. मोबाइल वर होतात. "नाग-नागिणीचं मीलन आहे, मागून बघा, समोर जाऊ नका," असं कोणीतरी भक्तिभावाने सांगतं. एखादी बाई घरातून कोरं कापड आणून टाकते. ते त्यांच्या अंगाला लागलं, की तिजोरीत ठेवायचं असतं. प्रत्यक्षात ते दोन नर धामण असतात आणि त्यांची कुस्ती चाललेली असते. जो खाली दाबला जातो, तो निघून जातो. मादी तिथे असलीच तर आसपास कुठेतरी, आणि बहुधा कंटाळलेली.

एवढं सगळं झाल्यावर कोणाला तरी सर्पमित्राला फोन करायचं सुचतं. पुणे परिसरात ही जमात मुबलक आहे, त्याला इतिहास आहे. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी ७२ विषारी सापांबरोबर काचेच्या खोलीत ७२ तास काढले, साप डिवचल्याशिवाय चावत नाही हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून. पुढे १९८६ मध्ये कात्रजचं सर्पोद्यान सुरू झालं. पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही संभाजीनगरात बहिणाबाई चौधरींच्या नावाने सर्पोद्यान काढलं. शाळकरी मुलांच्या कितीतरी पिढ्यांनी तिथे पहिल्यांदा काचेला नाक लावून घोणस पाहिली. नंतर नूतनीकरणासाठी ते वर्षानुवर्षं बंद राहिलं आणि त्या काळातल्या मुलांना घोणस थेट परसात बघावी लागली.

जुना, मुरलेला सर्पमित्र फारसं बोलत नाही. तो आधी गर्दीला दहा पावलं मागे घेतो, मग सापाची शेपटी कुठे आणि डोकं कुठे ते बघतो. त्याच्याकडे एक आकडा असतो आणि पीव्हीसी पाइपचा एक तुकडा, त्याच्या एका टोकाला कापडी पिशवी घट्ट बांधलेली. पाइपचं उघडं तोंड सापासमोर धरायचं आणि आकड्याने मागून हलकेच सुचवायचं. सापाला समोर काळोखं बीळ दिसतं, तो आपणहून आत जातो. पिशवीला पीळ, गाठ, संपलं. कोणी शेपटी धरून लटकवत नाही, कोणी फण्याचा मुका घेत नाही. इथे मात्र इतका वेळ थरथरणारी सोसायटी एकदम जिवंत होते. "पाइप किती इंची? तीन की चार?" "कपलिंग लावून क्लॅम्प मारला तर पिशवी सुटणार नाही." शेवटी आपल्या हुकमी विषयावर गाडी आल्याचं समाधान सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसतं.

नवा सर्पमित्र वेगळा ओळखू येतो. तो येतो तेव्हा त्याच्याआधी त्याचा चित्रीकरण करणारा मित्र येतो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि साप पकडून त्याचे खेळ करणं हा त्याखाली गुन्हा आहे, हे त्या मित्राला माहीत नसतं, आणि असलं तरी रीलमध्ये मावत नाही. वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावला तर नोंद असलेला माणूस मिळण्याची शक्यता जास्त. काम जोखमीचं आणि बहुतेकांचं पदरमोडीचं. जुलै २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी सर्पमित्रांसाठी १० लाखांच्या अपघात विम्याची घोषणा केली. सापाला कसला विमा, असं सोसायटीतल्या एका सीएने विचारावं, हे ओघाने आलंच.

आणि साप चावलाच तर? तर या पट्ट्याचं एक गुपित कामाला येतं. दिवसरात्र इंजिनांची हॉर्सपॉवर मोजणाऱ्या या गावात खरी घोड्यांची ताकदही आहे. हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाचा प्रकल्प पिंपरीत आहे. घोड्याला सापाचं विष अगदी थोडं थोडं, वाढत्या प्रमाणात टोचतात. घोडा त्याच्याशी लढणारी प्रतिद्रव्यं तयार करतो. त्याच्या रक्तातून ती वेगळी काढून शुद्ध करतात आणि बाटलीत भरतात. देशात यासाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा आदिवासींच्या, १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेकडून येतं. म्हणजे चेन्नईजवळच्या नागाचं विष, महाराष्ट्रातला घोडा आणि चाकणच्या पॅलेटखालचा साप, अशी ही पुरवठा साखळी. लॉजिस्टिक्समधल्या मंडळींना तरी तिचं कौतुक वाटायला हवं.

हेच औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं. त्यामुळे 'कोणता साप होता' हे सिद्ध करण्यासाठी त्याला मारून कॅरी बॅगेत घालून दवाखान्यात नेण्याची गरज नसते. तरी नेतात. कॅज्युअल्टीच्या टेबलावर पिशवी उघडली जाते, नर्स एका बाजूला उडी मारते, आणि कधी कधी 'मेलेला' सापही दुसऱ्या बाजूला. घोणसीचं तुटलेलं डोकंसुद्धा काही काळ चावू शकतं. डॉक्टर तिकडे बघतही नाहीत. ते रुग्णाचं थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतात आणि ती २० मिनिटं हात न लावता उभी ठेवतात. मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर विष घोणसीच्या किंवा फुरशाच्या जातीचं. पापण्या पडत असतील तर नाग किंवा मण्यार. वायसीएमसारख्या सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयापर्यंत वेळेत पोचणं, एवढंच नातेवाइकांचं काम. करकचून दोरी बांधणं, ब्लेडने चिरणं, तोंडाने विष ओढणं ही कामं सिनेमावाल्यांसाठी राखून ठेवावीत. नाशिक रस्त्याने पुढे नारायणगावला डॉ. सदानंद राऊत यांनी उभं आयुष्य सर्पदंशाचे रुग्ण बरे करण्यात घालवलं, आणि तिथेही आधी मांत्रिकाकडे जाऊन मग आलेले रुग्ण काही थोडे नसतात.

साप पिशवीतून गेल्यावर परसात उपाय सुरू होतात. कोणी फिनेल ओततं, कोणी कार्बोलिक ॲसिड शोधत हार्डवेअरच्या दुकानात जातं, कोणी लसणाची माळ पाइपला बांधतं. साप हे सगळं शांतपणे ओलांडून जातो. त्याला लसणात रस नसतो, उंदरात असतो. नागपंचमीला याच परसात पाटावर गंधाचा नाग काढून लाह्या आणि दूध ठेवलं जातं. साप दूध पीत नाही, ते मांजर पिऊन जातं.

त्यानंतरच्या रविवारी व्यवस्थापक समितीची तातडीची सभा भरते. विषय एक, साप. कुंपणाची झुडपं छाटावीत, मंजूर. जाळीची भोकं बुजवावीत, मंजूर, पण कोटेशन तीन मागवावीत. मागची फरशांची चळत उचलावी, यावर ज्यांच्या फरश्या आहेत ते सभासद सभात्याग करतात. पारव्यांना घातलेले ज्वारीचे दाणे रात्री उंदीर खातात म्हणून ते बंद करावेत, असं एक तरुण सभासद सुचवतो. त्याला भूतदयेवर वीस मिनिटं ऐकावं लागतं. ओल्या कचऱ्याचा उघडा ड्रम हलवावा, यावर सगळ्यांचं एकमत होतं. कुठे हलवावा यावर मात्र 'ए' विंग म्हणते 'बी'कडे, 'बी' विंग म्हणते 'सी'कडे, आणि 'सी' विंगचं कोणीच सभेला आलेलं नसतं. विषय पुढच्या सभेवर ढकलला जातो, चहा येतो, आणि ड्रममागे उंदरांची दुसरी पाळी कामावर रुजू होते.